पुरते एक मिनिट

मित्रांनो, मला नीट पाहायचे असेल तर मान खाली घालावी लागते. समोर उभे राहून पाहाल तर मी उलटेच दिसेन. बारा खाली, सहा वर. लोक हसतात, म्हणतात, हे घड्याळ डोक्यावर पडलेले दिसते! पण मी परिचारिकेच्या छातीवर लावायचे जुने घड्याळ आहे. तिचे दोन्ही हात रुग्णासाठी मोकळे राहावेत, म्हणून मला मनगटावर जागा नाही. तिने जरा मान झुकवली की मी तिला सरळ दिसते. जो झुकेल त्यालाच सरळ दिसावे, ही माझ्या घडवणाऱ्याची करामत. त्या वरच्या घडवणाऱ्याची रीतही तीच असावी, असे मला आपले वाटते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पांढरी टेबले, मोठ्या खिडक्या आणि एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायका. माझा सेकंदकाटा बसवणारीला त्या दिवशी सर्दी झाली होती. ती शिंक दाबून बसली होती. शिंक निसटली असती तर ही कथा सांगायला मी नसते. काटा बसला, मी टिकटिकले, आणि मग ती पोटभर शिंकली. माझ्या जन्माचा सोहळा तो एवढाच.

पुढे मी एका नवशिक्या परिचारिकेच्या हाती आले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. नंतर जगाने तिला नाना नावांनी हाक मारली, पण माझ्यासाठी ती कायमची ताई. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी मला तिच्या छातीवर लावले आणि बजावले, "नाडी पुरतं एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजायचे नि चाराने गुणायचं, हा चोरटा हिशोब माझ्या वॉर्डात चालणार नाही. काळीज गुणाकारात बसत नाही, समजलं?"

"समजलं, बाई."

"समजलं म्हणणाऱ्या पुष्कळ बघितल्यात. मोजून दाखव."

ताई मोजायची. एका हाताची तीन बोटे रुग्णाच्या मनगटावर, मान खाली, नजर माझ्यावर. माझा काटा फिरायचा आणि तिच्या ओठांवर आकडे हलायचे. मित्रांनो, त्या एका मिनिटात वॉर्डातला गलबला जणू दाराबाहेर थांबायचा. देवळात किंवा प्रार्थनेच्या जागी माणसे अशी उभी असतात म्हणे. मी ती जागा पाहिलेली नाही, पण ते मिनिट हजारो वेळा पाहिले आहे.

पुरुषांच्या त्या वॉर्डात बेचाळीस खाटा होत्या. सव्वीस नंबरच्या खाटेवर वाद्ये दुरुस्त करणारे एक काका आले. हृदय थकलेले, जीभ मात्र ताजीतवानी. एकदा माझ्या पाठीची पिन तुटली आणि मी फरशीवर पडले. काकांनी मला उचलून कानाशी धरले. "सिस्टर, ह्याला काही झालेलं नाही. नुसतं घाबरलंय," ते म्हणाले. उशाखालून त्यांनी चिमुकला पेचकस आणि तारेचा तुकडा काढला. दवाखान्यात येताना माणसे टॉवेल आणतात, हे हत्यारे घेऊन आले होते! त्यांनी तारेची पिन वळवून मला बसवली. ती पिन आजही माझ्या पाठीला आहे.

ताई नाडी मोजत असताना काका हळू आवाजात स्वतःच जुळवलेली ओळ म्हणायचे :

धरिला जो हात, पुरता धरी रे,
मध्ये न सोडी रे, देवराया.

"काका, गाऊ नका, ठोके चुकतात."

"तुझे चुकतात की माझे, ते बघ आधी!"

आता सांगते ते सांगताना माझा काटा अजूनही अडखळतो.

एके दुपारी वॉर्डात ताई एकटीच होती. जोडीची एक परिचारिका आजारी, दुसरीला शस्त्रक्रियेच्या खोलीत ओढून नेलेले. चार वाजता नाडी मोजायची वेळ झाली. सतराव्या खाटेपर्यंत तिने प्रत्येकाला पुरते मिनिट दिले. तेवढ्यात एका कारखान्यात भाजलेली तीन माणसे आणली. त्यांच्या किंकाळ्यांत दीड तास कुठे गेला, ते मलाही कळले नाही, आणि वेळ कळणे हेच तर माझे काम. मोठ्या डॉक्टरांची फेरी दारात होती. तक्त्यात अठरापासून बेचाळीसपर्यंतचे रकाने रिकामे होते. रिकामा रकाना म्हणजे सगळ्यांसमोर बोलणी.

ताईने पेन उचलले आणि टेबलापाशी उभ्या उभ्याच लिहिले : नाडी ऐंशी, श्वास वीस. नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस. पंचवीस वेळा. तिने मान खाली घातली होती, पण कागदाकडे. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

सहाच्या सुमाराला काका गेले. कुणाला हाकही मारली नाही त्यांनी. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "चारला तर नाडी चांगली होती. हृदयाचं काही सांगता येत नाही, सिस्टर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

वेळेवर मोजले असते तर ते वाचले असते का? देव जाणे. पण मोजले नव्हते, हे दोघांनाच ठाऊक होते. तिला आणि मला.

त्या दिवसापासून ताईंचा स्वभावच पालटला. वॉर्डात परिचारिका वाढवा, म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले. अर्ज फायलीत झोपले. मग त्या बोलू लागल्या, आधी दवाखान्याच्या पायरीवर, मग सभांत. बरे होऊन घरी गेलेली माणसे आणि त्यांचे नातेवाईक म्हणाले, ताई, निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा. तोवर ताईंचे लग्न झाले होते. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "घरात माझा ताप बघायला सवड नाही, नि निघाली राज्याची नाडी बघायला!" पण पहिली प्रचारपत्रके त्यांनीच वाटली, आणि न घेणाऱ्याच्या खिशात कोंबली.

ताई निवडून आल्या. विधानसभेत त्यांना 'इंजेक्शनबाई' हे नाव पडले. त्या आत येताना कुणीतरी म्हणायचेच, "बाह्या वर करा रे, आल्या!" ताई हसायच्या, पण काम सोडायच्या नाहीत. रुग्णवाहिकेत शिकलेला माणूस बसू लागला तो त्यांच्यामुळे. वॉर्डातल्या नळांना कोपराने ढकलायच्या दांड्या आल्या त्या त्यांच्यामुळे. आगाऊ निरोप न देता त्या दवाखान्यात जायच्या आणि कोपऱ्यातल्या खाटेपासून सुरुवात करायच्या. सभागृहात बाकीचे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. त्या मान खाली घालून माझ्याकडे. कौतुकाची ती माझी वर्षे होती. वर्तमानपत्रातल्या त्यांच्या फोटोत मीही असायचे. उलटे, पण असायचे.

आमदारकीच्या नवव्या वर्षी ताईंनी विधेयक आणले : वॉर्डात एका परिचारिकेकडे आठांहून अधिक रुग्ण असू नयेत. आरोग्यमंत्री उत्तराला उठले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांच्या हातात तक्त्यांचा गठ्ठा होता. "हे बघा, दर चार तासांनी प्रत्येकाची नाडी मोजलेली आहे. एकही रकाना रिकामा नाही. कामं वेळेवर होताहेत, मग परिचारिका कमी आहेत हे कशावरून?"

बाके वाजली. ताई उभ्या होत्या आणि त्यांच्या छातीचे ठोके मला माझ्या पाठीवर लागत होते. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ होते, अगदी स्वतःच्या अक्षरातले. चर्चा पुढच्या आठवड्यावर गेली.

घरी यजमान, ते शाळेत गणित शिकवायचे, सगळे ऐकून म्हणाले, "हे बोललीस तर आमदारकी जाईल. परिचारिका म्हणून असलेलं नावही जाईल. कदाचित विधेयकसुद्धा."

"आणि नाही बोलले तर?"

"तर कुणाला कळणार नाही."

"हेच तर गेली एकोणीस वर्षं होतंय," ताई म्हणाल्या.

पण त्या आधी सभागृहात गेल्या नाहीत. आधी काकांच्या मुलीकडे गेल्या. दुकान आता तीच चालवत होती. भिंतीला सुटी वाद्ये, टेबलावर तारा आणि डिंक. ताईंनी काही न लपवता सांगितले. मुलीचे हात थांबले.

"एकोणीस वर्षांनी आलात," ती म्हणाली. "मला सांगायला, की भाषणात वापरायला?"

"दोन्हीसाठी," ताई म्हणाल्या. "पण तू नको म्हणालीस तर भाषणात नाही सांगणार. आणि तरी तुला सांगायचं राहिलंच होतं. चुकले मी, बाळ."

तिची नजर माझ्यावर पडली. पुढे होऊन तिने मला उलटे केले, पाठीची तार बोटाने चाचपली. वळण तिने ओळखले. लेकीला बापाचा हात कळायचाच.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "आज तरी नाही. पण सांगा तुम्ही. झालं तेवढंच सांगा. एक शब्द वर नाही, एक शब्द कमी नाही."

ताईंनी तसेच केले. पुढच्या आठवड्यात सभागृहात त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मंत्रिमहोदय, रकाना भरलेला असतो म्हणून नाडी मोजलेली असतेच असं नाही. मला माहीत आहे, कारण मी न मोजता लिहिली आहे." पंचवीस खाटा त्यांनी सांगितल्या. सव्वीस नंबर सांगितला. "चूक माझी. तिची शिक्षा मला द्या. पण बेचाळीस खाटांमागे एकच बाई ठेवाल, तर उद्या दुसरी कुणी हेच लिहील, आणि तिचा तक्ताही असाच सुंदर दिसेल."

सभागृहात गोंधळ उडाला. "राजीनामा द्या!" बाह्यांची थट्टा करणारे मात्र मान खाली घालून बसले होते. मंत्र्यांनी हातातला गठ्ठा पुन्हा उघडला आणि मिटला. विधेयक समितीकडे गेले.

ताईंचे नाव परिचारिकांच्या नोंदवहीतून काढले गेले. पुढची निवडणूक त्या हरल्या. दोन वर्षांनी तो कायदा झाला, दुसऱ्याच कुणाच्या नावाने. ताई प्रेक्षकांच्या सज्जात बसून ऐकत होत्या. घरी येऊन त्यांनी मला काढले. "हक्क केव्हाच गेला होता. कायदा होईपर्यंत लावलं, आता नाही," एवढेच म्हणाल्या.

मग माझी उपेक्षेची वर्षे. एका खणात मी पडून राहिले. सोबतीला रबरी फिती, सासूबाईंच्या चष्म्याचे घर आणि संपलेली पेने. दवाखान्यांत बोटाला चिमटा लावून आकडा सांगणारी यंत्रे आली. माझी कुणाला गरज उरली नाही. तरी ताई रोज सकाळी खण उघडून मला चावी द्यायच्या.

गेल्या महिन्यात ताई स्वतः वॉर्डात खाटेवर आल्या. मला त्यांनी उशाशी ठेवले होते. नाडी बघायला एक कोवळी परिचारिका आली. तिने स्टूल ओढले आणि चक्क बसली. तिच्याकडे आठच रुग्ण होते. यंत्राने आकडा दाखवला, तो तिला पटला नाही. तिने ताईंचे मनगट हातात घेतले आणि स्वतःच्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"बंद पडलंय वाटतं तुझं?" ताईंनी विचारले.

"हो ना आजी, कालपासून."

"मग हे घे. लाव."

पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणाच्या छातीवर बसले. काकांची तार घट्ट लागली. मुलीने मान झुकवली, तीन बोटे ठेवली. वॉर्डाचा गलबला दाराबाहेर थांबला. अर्धे मिनिट होऊन गेले असेल, ताई हळूच म्हणाल्या, "झालं असेल की. आकडा तर आलाय यंत्रावर."

"शू, आजी, बोलू नका," ती म्हणाली. "अजून बावीस सेकंद आहेत."

ताईंनी डोळे मिटले. ते बावीस सेकंद माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे होते, आणि मी त्यातला एकही चुकवला नाही. मग मुलीने नाडी लिहिली. ताईंनी मला परत घेतले नाही.

मित्रांनो, मी अजून तिच्या छातीवर चालते आहे. मला रोज सकाळी चावी द्यावी लागते. विसरलात तर मी रुसणार नाही, नुसते थांबेन. माझे मागणे एकच आहे. तुमच्या हातून जे मोजायचे राहिले असेल, तो रकाना रिकामा ठेवा. बोलणी खा, पण खोटा आकडा लिहू नका. आणि कुणाचा हात धराल, तेव्हा पुरते एक मिनिट धरा.