शाईची रेघ

ओतिलियाबाईंनी काचेचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. आतलं दूध काठाकडे सरकलं, जरा थबकलं आणि पुन्हा मागे आलं.

“अजून नाही,” त्या म्हणाल्या. “बसा, प्रोफेसर. घाई केली की पाणी सुटतं त्याला.”

आन्सेल्मो रिकेल्मे बसले. त्यांनी ओव्हरकोट काढला नाही. कोटाच्या आत, डाव्या काखेत, हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती, आणि ती बाहेर काढायची की तशीच परत न्यायची हे तालकावानो शहरापासून इथल्या खाडीपर्यंतच्या सबंध वाटेत त्यांचं ठरलं नव्हतं.

दूध घट्ट करायला त्यात लुगा उकळलेली होती. घराच्या मागच्या बाजूला, समुद्राकडे उतरत्या वाळूवर, ही लाल शेवाळ चादरींसारखी वाळत पसरलेली होती. लुगेतून निघणारा तो चिकट पदार्थ गरम असताना वाहतो आणि निवताना एका क्षणी वाहायचा थांबतो. तो क्षण नेमका कुठला, आणि थिजलेल्या पदार्थाला जोर लावला तर तो तुटतो की पुन्हा वाहू लागतो, यावर रिकेल्मेंनी चाळीस वर्षं घालवली होती. ओतिलियाबाई त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला होत्या.

“शुक्रवारी यायचं ना आम्ही?” दारातून ओतिलियाबाईंच्या नवऱ्याने विचारलं. एलादिओ उंबऱ्यावर बसून शेवाळीतले शिंपले वेचून टाकत होता. “पत्रिका आलीय. प्रयोगशाळेला तुमचं नाव देतायत म्हणे. पितळी पाटी.”

“हो. या ना.”

“मी हिला म्हटलं, आपण जन्मभर लुगा काढली तर हात फाटले. या माणसाने जन्मभर ती ढवळली तर पाटी.”

“तू शिंपले बघ,” ओतिलियाबाई म्हणाल्या.

“बघतोच आहे. प्रोफेसर काही रागवायचे नाहीत. काय हो?”

“नाही, नाही,” रिकेल्मे म्हणाले. हसावं असं त्यांना वाटलं, पण हसू उशिरा आलं आणि तोवर एलादिओने मान फिरवली होती.

त्यांनी वही बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. पुठ्ठ्यावर १९८७ असा आकडा होता. ओतिलियाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, हात पुसले, पण वहीला हात लावला नाही. त्या काळी प्रत्येक यंत्राची एक वही असे. पुढून ती रिकेल्मेंची, मोजमापांची. मागून उलटी धरली की ओतिलियाबाईंची: किती नळ्या फुटल्या, किती आम्ल संपलं, काय नवीन मागवायचं. महिन्याच्या शेवटी बाई वही उघडून समोर धरत आणि रिकेल्मे यादीखाली ‘तपासले’ असं लिहून सही करत.

“मेक्सिकोहून एक पत्र आलंय,” ते म्हणाले. “एक तरुण मुलगी आहे. संशोधन करते.”

“बरं.”

“तिला जुनी मोजमापं हवी आहेत.” ते थांबले. “तुम्हाला आठवतं का, सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, सांतियागोचे पाहुणे आले होते?”

“कुठले पाहुणे?”

रिकेल्मेंच्या छातीत काहीतरी सैल झालं. ते सैल झालेलं त्यांना कळलं, आणि त्याचीच लाज वाटून त्यांनी टेबलावरच्या मेणकापडाची घडी उगाच बोटाने सपाट केली. खरं सांगायचं तर ते याचसाठी आले होते. बाई विसरल्या असतील तर त्या मुलीला लिहिता आलं असतं, की खेद आहे, इतक्या जुन्या गोष्टीची नोंद कुणाकडे उरलेली नाही. ते खोटंही ठरलं नसतं.

“एक टक्कलवाले होते, तेच ना?” ओतिलियाबाई म्हणाल्या. “त्यांनी आल्या आल्या कोट माझ्या हातात दिला. ओला होता. तुम्हीपण दिलात तुमचा. दोन्ही घेऊन मी उभी, खुंटी एकच.”

“हो,” रिकेल्मे म्हणाले. “तेच.”

त्या दिवशी यंत्र चालू होतं. धातूची दोन नळकांडी, एकात एक, आणि मधल्या बोटभर फटीत थिजलेली लुगा. आतलं नळकांडं हळूहळू फिरवायचं आणि किती जोर लागतो ते मोजायचं. जोर वाढत वाढत जाऊन एका जागी सपाट होत होता. पदार्थ तुटत नव्हता, मऊपणे वाहू लागत होता, असं रिकेल्मे पाहुण्यांना सांगत होते. पुढे पाठ्यपुस्तकांत त्या सपाट जागेला ‘रिकेल्मेची पायरी’ म्हणू लागले. तेव्हा तिला नाव नव्हतं. कोट सांभाळत ओतिलियाबाई म्हणाल्या होत्या, प्रोफेसर, ते वाहत नाहीये, घसरतंय. धुताना आतलं नळकांडं स्वच्छ निघतं, नुसतं पाण्याने ओलं. वाहिलं असतं तर चिकटून राहिलं असतं. मी काल वरून शाईची रेघ ओढून पाहिली, नळकांड्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. ती वाकलीच नाही.

पाहुण्यांनी रिकेल्मेंकडे पाहिलं. रिकेल्मेंचं तेव्हा वय चौतीस होतं, नेमणूक कायम व्हायची होती. ते म्हणाले, “ओतिलियाबाई, भांडी तुम्ही बघा, भौतिकशास्त्र आम्ही बघू.” पाहुणे हसले. मग तेही हसले.

“घसरतंय, एवढंच म्हटलं होतं मी,” ओतिलियाबाई आता म्हणाल्या.

“आमच्याकडे पण घसरतं,” दारातून एलादिओ म्हणाला. “खडकावरची लुगा. पाय ठेवला की गेलात.”

एलादिओने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, टोपली उचलली आणि वाळूकडे निघून गेला.

“काय विचारलंय त्या पोरीने?” ओतिलियाबाईंनी विचारलं.

रिकेल्मेंनी खिशातून कागद काढला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “आतल्या नळकांड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता की खरबरीत, एवढंच. आणि त्या दिवसांच्या वहीच्या पानांचा फोटो मिळाला तर.”

“गुळगुळीत होतं. मीच धुवायचे.”

“हो.”

“मग तेवढं लिहा तिला.”

“तेवढं लिहिलं तर...”

“पायरी जाईल,” बाई म्हणाल्या.

हे त्यांनी दूध उतू जाईल म्हणावं तसं म्हटलं. रिकेल्मेंनी वर पाहिलं नाही. कागदाची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली.

“तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. ते कागदाकडे बघून म्हटलं गेलं, म्हणून त्यांनी मान वर करून पुन्हा म्हटलं. “तुमचं बरोबर होतं, ओतिलियाबाई. मला पाच वर्षांनी कळलं. दुसऱ्या कुणाचा तरी निबंध वाचला. मग मी स्वतः...”

“रविवारी आला होतात.”

त्यांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

“तुम्हाला धुता येत नाही, प्रोफेसर. सोमवारी मी आले तर नळकांडं जागेवर, पण बुडाशी निळी शाई. मी परत धुतलं.” त्यांनी वाडग्याखालचं फडकं सरळ केलं. “म्हटलं, बघितलंत ना तुम्ही. आता बोलाल.”

त्यानंतर त्या एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत होत्या. रोज सकाळी आठ वाजता त्या सुप्रभात म्हणत आणि तेही म्हणत. दरवर्षी निबंधांच्या शेवटी ते त्यांचे आभार मानत, काचसामानाच्या काळजीबद्दल. त्या आभारांच्या ओळीही या घडीला रिकेल्मेंना सगळ्या तोंडपाठ आठवल्या, आणि त्यांतली एकही त्यांना इथे, या मेणकापडावर ठेवता आली नसती.

“मी घाबरलो,” ते म्हणाले. “तोवर पायरी पुस्तकात गेली होती. विद्यार्थी तिच्यावर पदव्या घेत होते. मला वाटलं, आणखी थोडा काळ... नंतर तेवढं काही विशेष राहणार नाही.”

बाहेर एलादिओ वाळूवरची शेवाळ काट्याने उलटत होता, त्याचा खसखस आवाज येत होता.

“वही मागून उघडा,” त्या म्हणाल्या.

“मागून?”

“माझ्या बाजूने. जून महिना.”

त्यांनी वही उलटी केली. फुटलेल्या नळ्या. एक बिकर, तडा. साबण. ही पानं त्यांनी कधी वाचलेली नव्हती. छत्तीस वर्षं ही वही त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात होती, दोन घरं बदलली तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हाताने खोक्यात भरली होती. जूनच्या यादीत सातव्या ओळीपासून अक्षर बारीक झालं होतं, जागा पुरावी म्हणून.

‘जुनं नळकांडं (कोचा पडलेलं, टाकायचं होतं) पॉलिश पेपरने घासून खरबरीत केलं. यंत्रावर लावलं. शाईची रेघ वाकली. मग पदार्थ मधूनच तुटला. पायरी आली नाही. दोनदा केलं.’

खाली आकड्यांचे दोन स्तंभ होते. गोल, शाळेतल्यासारखे आकडे, दशांशचिन्हं एकाखाली एक. रिकेल्मेंचं बोट त्या स्तंभावरून खाली गेलं. वाचायला त्यांना मिनिटभरच लागलं, कारण असे आकडे वाचणं हेच त्यांचं काम होतं. मोजमाप चोख होतं. त्यांच्या स्वतःच्या मोजमापापेक्षा चोख होतं.

“पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी,” ओतिलियाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांतियागोला गेला होतात. पुढून, तुमच्या पानांवर लिहायचं धाडस नाही झालं. म्हटलं, महिनाअखेर तुम्ही वाचालच.”

स्तंभांच्या खाली साबणाची आणखी एक ओळ होती, आणि तिच्या खाली, तिरक्या घाईच्या अक्षरात, ‘तपासले’. आणि सही.

रिकेल्मे त्या सहीकडे बराच वेळ पाहत राहिले. तरुण माणसाची सही होती. शेवटचं अक्षर लांब ओढून खाली वळवलेलं.

मग त्यांनी फोन काढला. पान मिटत होतं म्हणून ओतिलियाबाईंनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. फोनच्या पडद्यावर पान आलं, आकडे आले, सही आली.

“माझा अंगठा येतोय,” बाई म्हणाल्या. “थांबा, सरकवते.”

“राहू दे.”

“लोक बघतील ना.”

“राहू दे,” ते म्हणाले.

फोटोसोबत त्या मुलीला काय लिहायचं यासाठी त्यांना फार शोधावं लागलं नाही. नळकांडं गुळगुळीत होतं. खरबरीत नळकांड्यावरचं मोजमाप सोबत आहे, ते ओतिलिया कार्कामो यांचं आहे. मी त्यावर सही केली, पण ते वाचलं नव्हतं. शेवटचं वाक्य त्यांनी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मग शुक्रवारची पत्रिका काढणाऱ्या कुलगुरूंच्या कार्यालयाचा पत्ताही वर जोडला. खाडीत सिग्नल कमी होता. पडद्यावरचं बारीक वर्तुळ फिरत राहिलं, आणि दोघंही ते फिरणं पाहत बसली.

“गेलं का?”

“गेलं.”

ओतिलियाबाईंनी वाडगा उचलून तिरका केला. दूध जागचं हललं नाही. त्यांनी चमच्याने एक वाटी काढली, वर दालचिनी टाकली आणि रिकेल्मेंपुढे ठेवली.

“कोट काढा आता,” त्या म्हणाल्या.

ते उठले. त्यांनी कोट काढला आणि तो हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहिले. ओतिलियाबाई दुसरी वाटी भरत होत्या, त्यांनी हात पुढे केला नाही.

“खुंटी दारामागे आहे,” त्या म्हणाल्या.