डावीकडे ओढतो म्हणून

मी ट्रक बोलतोय, पण खुशीनं नाही. बोलणं हे काय ट्रकाचं काम आहे? आपण वजन वाहावं, डिझेल प्यावं आणि गप उभं राहावं. पण नशिराबादच्या चहाच्या टपरीवर बसणारा जो तो माझी गोष्ट आपल्या मनानं सांगतो, आणि दर वेळी त्यात तेरसिंगला आणखी थोडी दारू पाजतो. ऐकून कान किटले. म्हणून एकदाच सांगतो. मधे कोणी बोलू नका.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, नुसती ठोकठाक. मग माझ्यावर लाकडी बॉडी चढवली, तिच्यावर कोणीतरी मोर काढला. मोर केव्हाच गेला, चोच तेवढी राहिली.

रुपचंद आबांनी मला घेतलं तेव्हा ते स्वतः चालवायचे. पुढे पोट सुटलं, स्टेअरिंगमागे मावेना. मग ते टपरीवर बसून फोनवरून गाडी चालवायला लागले आणि स्टेअरिंग तेरसिंगच्या हातात आलं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पावरा आदिवासी माणूस. बोलणं कमी. चढावर मी धापा टाकायला लागलो तरी त्यानं कधी शिवी दिली नाही. पानसुपारीसुद्धा खात नसे, दारूची गोष्ट दूरच.

सावद्याला केळी भरायची आणि धुळ्याच्या पुढं न्यायची, हेच आमचं आयुष्य. केळीच्या धंद्यात सगळेच घाईत. माल कापला की माणसाला पाणी प्यायलाही थांबू देत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुढच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. धुळ्याच्या तोताराम मिस्त्रीनं नवा घातला. नवा पाटा दोन-तीन खेपांत दबतो, बोल्ट ढिले पडतात, ते पुन्हा कसून घ्यावे लागतात. तेरसिंगनं सांगितलं, "आबा, बोल्ट कसून घेऊ द्या. जरासं काम आहे."

"अन् तवर माल पिकला म्हंजे? तू खाशील का ट्रकभर केळी?"

टपरी हसली. तेरसिंगनं गाडी काढली.

ढिल्या पकडीत एक दिवस मधला बोल्ट तुटला. तोच पाट्यांना आणि आसाला एका जागी धरून ठेवतो. माझा आस डाव्या अंगाला दोन बोटं मागं सरकला. बाहेरून काही दिसत नाही. पण मी डावीकडे ओढायला लागलो, लंगडा माणूस एका अंगानं जातो तसा. तेरसिंग दिवसभर उजवीकडे स्टेअरिंग दाबून धरायचा. संध्याकाळी त्याला ताट उचलवेना.

आणि नशिराबादमध्येच घात झाला. समोरून बस आली, त्यानं ब्रेक मारला, मी डावीकडे गेलो आणि टपरीचं पत्र्याचं छप्पर खरवडून काढलं. कोणाला लागलं नाही. पण आबा तिथंच बसले होते, आणि चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"पिऊन आला का रे?"

"आबा, मी पीत नाही. गाडी वढते."

"गाडी वढते का बाटली वढते? पाड्यावरचा माणूस अन् पीत नाही? कोनाले सांगू राह्यला?"

सगळ्यांदेखत किल्ली काढून घेतली. तेरसिंग पायी निघाला. मला तोंड नव्हतं, आणि इंजिन तर त्यांनी बंदच केलं होतं.

मग आबांचा मेव्हणा अभिमन आला. गाडी खरंच ओढते हे पहिल्याच खेपेला त्याला कळलं. पण बोलला असता तर तेरसिंग खरा ठरला असता आणि याची नोकरी गेली असती. खांद्याला बाम चोळायचा आणि गप बसायचा. शेवटी स्टेअरिंग तिरकं दिसतं म्हणून तोतारामनं ते नुसतं काढून सरळ बसवलं. दिसायला झकास. मी वाकडा तो वाकडाच. पुढची टायरं उजवी-डावी बदलून पाहिली, हवा तपासली. मग डाव्या चाकाला नवंकोरं टायर घातलं, तेही तेरसिंगच्या वेळच्या टायरसारखं एका बाजूनं तार दिसेपर्यंत घासून निघालं.

तार दिसली त्याच दिवशी तेरसिंग माझ्या केबिनमध्ये राहिलेली आपली चादर न्यायला आला. बरोबर त्याची बायको भुरीबाई. तिनं खाली वाकून टायर पाहिलं, मग अभिमनकडे पाहिलं.

"आबा, या भाऊंच्या हातातबी टायर तसंच घासलं. हे कोणची पितात?"

टपरीतला एक जण चहा पिता पिता ठसकला. अभिमननं मान खाली घातली. आबांचा चेहरा लाल झाला. "सरका. मीच दाखवतो." पोट आत ओढून ते स्टेअरिंगमागे बसले. मी काहीही मुद्दाम केलं नाही, आईशप्पत. नेहमीसारखा चाललो. आणि रस्त्याकडेच्या केळीच्या सडक्या खांबांच्या ढिगात आबांना घेऊन शिरलो.

आबा उतरले आणि मला लाथ मारली. त्याच चाकाला.

तोतारामला बोलावलं. तो येईपर्यंत तेरसिंग आणि भुरीबाई तिथंच थांबले. त्यानं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी धरली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे दोरी उरली. पान्यानं चार बोल्ट खोलले तर मधला दोन तुकड्यांत हातात आला.

"आबा, हाई गाडीच वाकडी शे. आन मीबी आंधळा, नुस्तं स्टेअरिंग फिरवी दिधं."

मिस्त्रीनं आपलं कबूल तरी केलं, आणि नवा बोल्ट घालून आस जागेवर बसवला. आबांनी किल्ली तेरसिंगपुढं धरली. "चल, उद्या सावद्याले भराले जाय."

तेरसिंगनं हात पुढे केला नाही. "आबा, टपरीवर बोलले होते तुम्ही. तिथंच म्हना, मी प्यालेलो नव्हतो."

"आता त्यात काय म्हनाचं? झाली ना गाडी नीट."

भुरीबाईनं चादर खांद्यावर टाकली. दोघं गेली. हल्ली तो नरडाण्याला पोती उचलतो असं ऐकतो.

मी आता सरळ चालतो. कोणीही चालवावं, एका बोटानं. म्हणून बरं वाटतं असं नाही. हाडं दुखतात, दम लागतो, भंगारात जायला फार दिवस नाहीत. तेव्हा जाता जाता एक मागणं आहे. टपरीवर बसणाऱ्यांनो, तेरसिंगची गोष्ट सांगताना त्याच्या हातात बाटली देऊ नका. आणि माझ्या चाकाला बसलेल्या लाथेचं सोडून देईन, पण आधी त्या माणसानं नरडाण्याला जाऊन तेरसिंगपुढं हात जोडावेत. तोवर मीही त्याला माफ करणार नाही. त्या माणसाचं नाव मी लपवत नाही. रुपचंद आबा.