दुप्पट अंतर

मोजपट्टीचं टोक बायकोच्या हातात देऊन पाराकाका मागे मागे सरकत पर्जन्यमापकापाशी जाऊन थांबले.

“घट्ट धर. ढिली सोडू नकोस.”

“धरलीय,” झाडाच्या बुंध्याशी वाकून ती म्हणाली.

पाराकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. पारा चढायचा म्हणून नव्हे. हवामान केंद्राच्या आवारात राहून ते रोज थर्मामीटर वाचत, वाऱ्याची दिशा बघत, पाऊस मोजत, म्हणून. अंगात ताप असला तरी त्यांनी कधी अंदाजपंचे आकडा टाकला नव्हता. त्याचा त्यांना भारी अभिमान, आणि तो काही लपून राहत नसे.

आता वरच्या ऑफिसातून विचारणा आली होती, की पर्जन्यमापकाजवळचं झाड नियमात बसतं का? नियम सोपा आहे. झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट तरी ते लांब हवं. नाहीतर वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस झाडच अडवतं आणि भांड्यात कमी पडतो. काठीची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजून उंची त्यांनी आधीच काढली होती. अंतर हातभर कमी भरलं.

“हातभरच ना?” बायको म्हणाली. “कळवून टाका पुरेसं आहे म्हणून. इथे कोण बघायला येतंय?”

“अगं, आकडा म्हणजे आकडा.”

“मग भांडंच जरा पलीकडे घ्या.”

“जागा बदलली की मागच्या पावसाशी तुलना संपली. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.”

ती मुकाट्याने पट्टी गुंडाळू लागली. तेव्हा ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे फार वाटलं.

ते झाड तिने मागच्या बदलीच्या गावाहून तेलाच्या डब्यात आणलं होतं, सगळा प्रवास मांडीवर धरून. प्रत्येक बदलीत तिच्या वाट्याला तेच यायचं. उघडं मैदान, कापलेलं गवत आणि थर्मामीटरची पांढरी पेटी. केंद्राला सावलीचं वावडं. इथे मुक्काम लांबला म्हणून एकदाचं झाड वाढलं आणि दुपारची खुर्ची टाकायला तिला जागा झाली. शेजारणीही तिथेच यायच्या. आमचा दिवाणखाना, असं ती म्हणायची.

झाड तोडायला माणसं आली त्या दिवशी ती बहिणीकडे निघून गेली. संध्याकाळी परतली, मोकळ्या जागेकडे बघितलं, “लख्ख झालं,” एवढंच बोलली आणि स्वयंपाकाला लागली.

टेकडीखालच्या शाळेतही एक पर्जन्यमापक होतं. तिथल्या मुख्याध्यापिका रोज सकाळी फोनवर पाऊस सांगत. आजवर दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे यायचे. आता आपल्याकडे जास्त भरेल, याची पाराकाकांना खात्री होती. एक सर झाली, दुसरी झाली, मग पाऊस चांगला बसला. आकडे होते तसेच जुळत राहिले.

एका सकाळी वातकुक्कुटाकडे बघताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे पाऊस येतो तो झाडाच्या उलट अंगाने. झाडाने भांड्यातला थेंबसुद्धा अडवला नव्हता. वाऱ्याची दिशा रोज आपणच लिहितो, आणि झाडावर कुऱ्हाड चालवताना तीच बघायचं सुचू नये? ही गोष्ट बायकोला सांगायची कोणत्या तोंडाने, हे त्यांना कळेना.

दोन-चार दिवसांनी उघडीप झाली. भिंतीलगत जेमतेम वीतभर सावली होती, तिच्यात खुर्ची सरकवून बायको भाजी निवडत बसली होती.

“झाड काढून काही फरक पडला का हो?” मान वर न करता तिने विचारलं.

“पडला तर,” पाराकाका म्हणाले. “चांगलाच पडला.”

ती थोडा वेळ देठं खुडत राहिली.

“शाळेच्या बाई बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, दोन्हीकडचं अगदी जुळतंय, पहिल्यासारखंच.”

पाराकाकांनी खाली पडलेलं एक देठ उचललं.

“माझ्यासाठी खोटं बोललात. बरं वाटलं,” ती म्हणाली. “पण हे तेव्हा जमायला हवं होतं.”

ऊन पायांवर आलं, तशी ती खुर्ची उचलून आत गेली.