मुकी पट्टी

मित्रांनो, माझी मधली एक पट्टी मुकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी न्यू ऑर्लिन्सचा जुना पियानो. माझे तारुण्य चर्चमध्ये गेले. तिथे पुराचे पाणी शिरले, ती पट्टी कायमची बसली आणि मला मोडीत काढले. व्हर्डेलने मला हातगाडीवर घालून घरी आणले. ती लोकांचे कपडे शिवायची आणि उरलेल्या वेळात माझ्यावर गाणी रचायची. सगळा मोहल्ला त्यांवर नाचायचा. मला फार अभिमान वाटे.

आमच्याकडची रीत अशी, की नवे गाणे कागदावर उतरवून स्वतःलाच टपालाने पाठवायचे आणि पाकीट फोडायचे नाही. टपालाचा शिक्का हाच पुरावा. व्हर्डेलचे पाकीट माझ्या पोटात असे.

एका सोमवारी राजमा-भात खायला आलेल्या रॉस्को नावाच्या गायकाने तिचे नवे गाणे ऐकले. वर्षभरात त्याची तबकडी निघाली, रचणारा म्हणून नाव रॉस्कोचे. व्हर्डेलने वादक संघाकडे तक्रार केली. संघाचे म्हातारे अध्यक्ष अल्सी निवाड्याला घरीच येणार होते.

त्या सकाळी तिने माझे झाकण उघडले. पाकीट नव्हते. मागे तिची आई इस्त्री घेऊन उभी होती.

“आई, पाकीट फोडलंस?”

“अगं, कागद चुरगळला होता. मोठी माणसं यायची, काय म्हणतील? बघ, कसा कडक झालाय.”

व्हर्डेल माझ्यासमोर मटकन बसली. माझ्या तारा तुटतील असे मला वाटले. तेवढ्यात दार वाजले; अल्सी, रॉस्को आणि मागोमाग शेजारी आत आले.

“फोडलेलं पाकीट मला पुरावा म्हणून धरता येणार नाही, पोरी,” अल्सी म्हणाले.

रॉस्को हसला. “पुराव्याला इस्त्री! आता टाय पण बांधा त्याला.”

व्हर्डेल उठली. “रॉस्को, मधल्या ओळीत चाल एकदम उडी मारते. का?”

“ठसका यावा म्हणून. माझी ढबच आहे ती.”

“मिस्टर अल्सी, जो सूर गाळलाय तो जरा दाबा.”

त्यांनी बोट ठेवले. मी नुसता ठक्क वाजलो. भरल्या घरात मला लाज वाटली.

मग तिने आपली सात जुनी गाणी वाजवली. सातही गाण्यांनी नेमकी त्याच मुक्या पट्टीवरून उडी मारली.

“आता तू बस,” अल्सी रॉस्कोला म्हणाले. “तुझ्या एका तरी जुन्या गाण्यात ही ढब दाखव.”

रॉस्कोने टोपी उचलली आणि तो निघून गेला. पुढच्या तबकड्यांवर व्हर्डेलचे नाव छापून आले.

आता ती नाही. मी एका शाळेत असतो. मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्यावर पाण्याचे पेले ठेवू नका. पण दुरुस्ती करणारा आला, तर ती पट्टी तेवढी त्याला दाखवू नका. माझ्याजवळ व्हर्डेलची तेवढीच सही उरली आहे.