पाच उत्तरं
१९५४ च्या दिवाळीनंतर बालवर्गाच्या कलावतीबाईंनी मला आणि माझ्या बायकोला, सुहासिनीला, बोलावून सांगितलं, "मास्तर, नीलाला मुंबईला दाखवून आणा. तिथल्या एका इस्पितळात गुरुवारी लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर बसतात."

आमची नीला तेव्हा सहा वर्षांची होती. हाक मारली तरी वळून बघत नसे. चिंचोक्यांच्या ओळी मांडत तासन्‌तास बसे, आणि कुणी एक जरी हलवला तर रडून घर डोक्यावर घेई. तहान लागली की माझं मनगट धरून माठापाशी नेई. ऐकलेलं मात्र जसंच्या तसं म्हणून दाखवी.

डोंबिवलीला घरी येताच सुहासिनी म्हणाली, "जाऊ या."

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे नाही, ठाऊक आहे मला. भीती कसली वाटते?"

"कागदाची. मंदबुद्धी असं लिहिलं, तर कुठली शाळा घेईल तिला? मी स्वतः अशी दोन मुलं दारातून परत पाठवली आहेत."

"आणि नाही दाखवलं, तर ती बोलायला लागणार आहे का?"

पुढच्या गुरुवारचं ठरलं.

मी कल्याणच्या शाळेत मास्तर. डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे असले, की आम्ही मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायचो. कुणाला कोणता प्रश्न, तेही आधीच ठरलेलं असे. त्यात गैर काही आहे असं आमच्यात कुणालाच वाटत नसे. मलाही वाटलं नाही. सुहासिनी बाजारात गेली की मी नीलाला समोर बसवू लागलो. नाव, वय, गाव, वडील काय करतात, आई काय करते. चार दिवसांत पाचही उत्तरं तिला चोख आली. मी हरखून गेलो. इतकं पाठ करणाऱ्या मुलीला आजार कसला?

बुधवारी संध्याकाळी सुहासिनीने तिला विचारलं, "पोळी खाणार का गं?"

"माझं नाव नीला गोपीनाथ टिपणीस."

"अगं, गूळ देऊ का वर?"

"मी सहा वर्षांची आहे."

सुहासिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं.

"अहो, डेप्युटी यायचाय वाटतं आपल्याकडे? तिला तपासायला नेताय, का पास करायला?"

"पुढच्या महिन्यात जाऊ. तोवर विसरेल ती."

"तोवर तुम्ही दहा उत्तरं बसवाल."

इतक्यात नीला माठापाशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे आली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "माझं नाव नीला गोपीनाथ टिपणीस," आणि थांबली. पाणी असं मागायचं असतं, अशी तिची समजूत झाली असावी. मी उठून फुलपात्र भरलं.

"उद्याच जायचं," सुहासिनी म्हणाली. "तिथे काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण होते. "नाव काय बाळ तुझं?" त्यांनी विचारलं. नीलाने पाचही उत्तरं एका दमात म्हणून टाकली.

"अरे वा! ही तर छान बोलते की," म्हणत त्यांनी पेन उचललं.

मला हवा होता तो कागद दोन हातांवर होता. गप्प बसणं मला आयुष्यभर सोपं गेलं आहे. सुहासिनी नीलाची रिबीन सारखी करत होती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ही उत्तरं माझी आहेत."

"म्हणजे?"

"मी बसवून घेतलीत. तिला त्यातलं काही कळत नसावं. किंवा कळतही असेल. मला नाही सांगता येत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते खुर्चीवरून उठून नीलाशेजारी जमिनीवर बसले. "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा," म्हणाले.

बाहेर एकच बाक होता. सुहासिनी आधी जाऊन बसली.

"रागावलीस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि मला जागा करून देत थोडी सरकून बसली.