पुढचे दोन, मागचे दोन

आत्याने गाडी वर्कशॉपच्या दारात लावली, हळूहळू बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, सोमवारी मी राजीनामा देते. ही गाडी विकून टाक."

बाबांच्या हातातला पाना हातातच राहिला. माझा मात्र संताप झाला. आत्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. बावीस वर्षं हेच करतेय. भल्याभल्यांना दरडावून उठवणारी ही बाई स्वतःच हातपाय गाळून बसणार, हे मला पटेना.

"कंबरेने साथ सोडली गं," ती मला म्हणाली. "प्रत्येक खड्डा मणक्यात बसतो. पेशंटकडे पोहोचेपर्यंत मलाच आडवं करायची पाळी येते."

दोष उघड होता. मी गाडीचं नाक दाबून सोडलं, तर ते नंतरही तीन-चारदा डोलत राहिलं. खड्ड्यांचे धक्के झेलणारे चारही शॉकअप थकलेले, पुढच्या दोघांवर तर गळलेल्या तेलाचा आणि धुळीचा थर. आता जुने खोलून सील आणि तेल बदलायचं, की सरळ नवे टाकायचे, एवढाच प्रश्न होता.

बाबांपुढे हा प्रश्न काढायची सोय नाही. जुने शॉकअप भरून देणं हाच आमचा धंदा. "फेकून द्यायला अक्कल लागत नाही," हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवतात.

"चारही भरून देतो," ते म्हणाले. "बहिणीच्या गाडीला काय बाजारातला माल लावू?"

"मागच्या वर्षी पुढचे दोन भरलेसच की," आत्या म्हणाली. " दोन महिन्यांत पुन्हा गळायला लागले."

त्या वेळी बाबांनी रस्त्यांना शिव्या घातल्या होत्या, तेलाला नावं ठेवली होती आणि शेवटी आत्याच्या चालवण्यावर घसरले होते. खरं कारण आम्हाला वर्षाने, आत्या राजीनाम्याचं बोलली त्या दुपारी कळलं.

पुढच्या शॉकअपचा दांडा पकडीत आवळून बाबांनी नेहमीप्रमाणे त्यावरून अंगठ्याचं नख ओढलं. आमच्याकडची परीक्षा हीच. नख घसरत गेलं तर दांडा चांगला. अडकलं तर तिथे खड्डा, आणि तो खड्डा नव्या सीलला बघता बघता कापून टाकतो.

"गुळगुळीत आहे," बाबा म्हणाले.

मी सहज माझं नख ओढून पाहिलं. ते अडकलं. पुन्हा अडकलं. मग तिसऱ्यांदा.

मी बाबांच्या अंगठ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं हातोड्याचे मार खाऊन ते नख शिंगासारखं जाड झालं होतं. त्याला काय कपाळ कळणार? एरवी मी बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही, पण हा माझाच बाप होता आणि जीभ रेटेना. तिकडे आत्या स्टुलावर जेमतेम टेकली होती, घटकेत या कुशीवर, घटकेत त्या. मी गप्प बसले असते, तर तिचं काम गेलंच असतं.

"बाबा, दांड्यात खड्डे आहेत. तुमच्या नखाला ते कळत नाहीत."

"चाळीस वर्षं मी—"

"चाळीस वर्षांनीच जाड झालंय ते."

ते लालबुंद झाले. मग त्यांनी चष्मा लावला, दांडा उजेडात नेला आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"म्हणजे मागच्या वर्षीही..." एवढंच बोलले. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"म्हणजे माझं चालवणं बरं होतं तर!" आत्या स्टुलावरून कडाडली. "वर्षभर टोमणे मारलेस मला!"

बाबांना हसू फुटलं आणि माझाही जीव भांड्यात पडला.

मागचे दोन दांडे मी तपासले. नख कुठेच अडखळलं नाही. ते दोन भरायचे आणि पुढची जोडी नवी घ्यायची, असं ठरलं. नवी आणायला बाबा स्वतः गेले. दुकानदाराने डोळे चोळले असतील. मागचे भरताना मात्र त्यांनी मला हातही लावू दिला नाही. तेल मोजून घातलं, सील बसवलं, आतली हवा निघेपर्यंत दांडा खालीवर करत राहिले.

शनिवारी दुपारी आत्या चालवायला बसली, बाबा शेजारी, मी मागे. बाबांनी मुद्दाम सगळ्यात उखणलेला रस्ता सांगितला. पहिल्या खड्ड्याआधी आत्याने ओठ आवळले. गाडी खाली गेली, वर आली आणि तिथेच सावरली. दुसऱ्या खड्ड्यालाही आत्याचे ओठ आवळलेलेच. चौथ्याला तिने वेग कमी केला नाही.

"दादा," ती म्हणाली. आणि पुढचा खड्डा मुद्दाम चाकाखाली घेतला.

परतीचं वळण आलं, पण ती सरळच निघाली.

"अगं, कुठे चाललीस?" बाबांनी विचारलं.

"पाच मिनिटं. एका पेशंटकडे डोकावून येते."

त्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. उन्हात तापलेल्या गाडीत आम्ही दोघं घाम पुसत बसलो होतो. बाबांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. समोरच्या घराच्या खिडकीतून आत्याचा आवाज थेट रस्त्यावर येत होता.

"रडायचं ते नंतर रडा, आधी पाय उचला! परवा मी येणार आहे. दार तुम्ही उघडायचं."