निरंक

"अहो बाई, त्या पुरस्काराच्या पत्राला उत्तर गेलं का? आज शेवटची तारीख आहे."

अधीक्षक डॉक्टर दारातूनच विचारत होते. एक हात एप्रनच्या बाहीत, दुसरा अजून बाहेर.

"नाही गेलं, साहेब."

"मग निरंक लिहून पाठवा की! त्याला काय मुहूर्त लागतो?"

"बघते, साहेब."

डॉक्टर दुसरी बाही चढवत राउंडला गेले. कचेरीतल्या कारकून बाईंनी कपाटातून जुनी फाइल काढली. देशभरातल्या तंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठी मोठा पुरस्कार होता. आपल्या संस्थेत असा कोणी संशोधक असेल तर त्याचे नाव सुचवा, असे पत्र दर वर्षी या इस्पितळाला येई, आणि दर वर्षी त्याला एका शब्दाचे उत्तर जाई: निरंक. म्हणजे, आमच्याकडे असे कोणी नाही. फाइलीत एकोणीस वर्षांच्या एकोणीस प्रती होत्या. अक्षर एकच, गोल, टपोरे, मोत्यासारखे. बाईंचे.

कुठल्याही परिपत्रकाला बाईंचे हेच उत्तर, म्हणून माघारी सगळे इस्पितळ त्यांना 'निरंकबाई' म्हणे. त्यांना ते ठाऊक होते. सेवा संपायला पाच महिने उरले होते आणि एवढ्या वर्षांत एक ठपका नाही, की एक चूक नाही.

पण गेल्या महिन्यात बाईंच्या सासूबाई याच इस्पितळात अकरा दिवस होत्या. एका दुपारी उशाशी बसल्या बसल्या बाईंचा डोळा लागला आणि कानाशी वाजले, टिंग. मग पुन्हा, टिंग टिंग. सिस्टर चपला वाजवत आल्या, संपत आलेली सलाईनची बाटली त्यांनी बदलली आणि गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "तू झोप गं. ही घंटी जागी आहे."

सलाईनच्या बाटलीवर टांगलेली, मिस्त्रींनी केलेली ती घंटी बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. अकरा वर्षे ती तिथेच होती. माणसाचे असेच असते. देव समोर येऊन उभा राहतो आणि आपण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत बसतो.

बाईंनी पत्रासोबत आलेला फॉर्म उचलला आणि त्या इस्पितळामागच्या दुरुस्तीच्या खोलीकडे निघाल्या.

मिस्त्री चाकांची खुर्ची उलटी पाडून तिच्या पोटात डोके घालून बसले होते.

"मिस्त्री, बाहेर या. तुमचं नाव पाठवायचंय."

"कुठं? पोलिसात?"

"पुरस्काराला. देशाच्या."

मिस्त्रींनी डोके बाहेर काढले. कपाळावर वंगणाचा पट्टा होता. "बाई, तब्येत बरी आहे ना? थंड पाणी देऊ?"

"चेष्टा पुरे. इथं विचारलंय, तुमच्या घंटीत नवीन काय आहे? सांगा, मी लिहिते."

"नवीन काय डोंबल! बाटली भरलेली असली की जड, स्प्रिंग खाली ताणलेली. पाणी संपत आलं की हलकी, स्प्रिंग वर येते. वर आली की खिटी सुटते, नट वाटीवर आपटतो. हे माझ्या आजीच्या तराजूलासुद्धा कळत होतं."

"मग आजीनं का नाही लावली?"

"तिला कुणी सलाईन दिलं नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या. वीज नको, बॅटरी नको. नेमकी किती बाटली उरली की वाजावी, याला मोजमाप कुठले, असे त्यांनी विचारले, तेव्हा मिस्त्री उठले. मग फळीवरची एक घंटी काढून त्यांनी ती खिळ्याला अडकवली, खाली पाण्याची बाटली टांगली, आणि स्प्रिंग बोटाने हलकेच छेडून तिला कान लावला.

"मोजमाप असं नाही. हिचा आवाज ऐकायचा. सैल झाली की रडकी बोलते. मग एक वेढा कमी करायचा. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या, तेव्हा सगळ्याच्या सगळ्या सव्वीस पुन्हा ऐकल्या मी. तीन आठवडे लागले. दर महिन्याला अजून ऐकतो."

हात देव सगळ्यांनाच देतो. काही हातांना तो कानही देतो. बाईंच्या मनात हे आले, पण फॉर्मात तशी जागा नव्हती.

"आता हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "साहित्य कुठून घेतलं?"

मिस्त्रींनी घंटी खाली काढली. "तो रकाना राहू द्या, बाई. अख्खा फॉर्मच राहू द्या."

"का?"

"का म्हणून मलाच विचारता? स्प्रिंगा कशाच्या आहेत? बाळं तोलायचे सव्वीस काटे मोडीत काढले होते ना, त्यांच्या. वाट्या कशाच्या? भोकं पडलेल्या, त्याही मोडीतल्या. सगळं तोडूनमोडून नष्ट केलं, असा दाखला आहे. मी म्हटलं होतं, बाई, हे मला द्या, यात जीव आहे अजून. तुम्ही 'न्या' म्हणालात." मिस्त्रींचा आवाज खाली आला. "त्या दाखल्यावर सही कुणाची आहे?"

सही बाईंचीच होती. त्या खोट्या कागदाचे त्यांना तेव्हा काहीच वाटले नव्हते. भंगारच तर होते.

"पाच महिने राहिलेत तुमचे," मिस्त्री म्हणाले. "माझ्या नावापायी तुमच्यावर चौकशी? ताई म्हणून सांगतो, निरंक लिहा. माझं काही अडलं नाही. घंट्या वाजतायत, तेवढं बास झालं."

बाईंनी फॉर्मची घडी घातली आणि त्या परत टेबलाशी येऊन बसल्या. चार वाजून गेले होते. पाचला टपाल निघे.

रकाना रिकामा ठेवता आला असता. 'बाजारातून' असेही लिहिता आले असते. इतक्या लांबून कोण बघायला येणार? बाईंनी टोपण काढले, पुन्हा लावले. शेजारचा वॉर्ड दुपारच्या औषधांच्या गडबडीत होता. भिंतीपलीकडून आवाज आला, टिंग. थोड्याने, टिंग टिंग. आणि मग सिस्टरच्या चपला.

बाईंनी लिहिले: 'या संस्थेने मोडीत काढलेले बाळांचे सव्वीस वजनकाटे व सव्वीस स्टीलच्या वाट्या. हे साहित्य नष्ट केल्याचा दाखला दफ्तरी आहे. त्यावर माझी सही आहे. तो दाखला खरा नाही. हे साहित्य नष्ट झालेले नाही.'

अक्षर तेच, गोल, टपोरे.

अधीक्षकांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला आणि शेवटचा रकाना पुन्हा वाचला.

"बाई, हे तुम्ही काय लिहिलंय, कळतंय का तुम्हाला?"

"हो, साहेब."

"मी सही केली की हे वर जाईल. वरून खुलासा मागतील. तुम्हाला विचारतील की इतकी वर्षं काय करत होतात, आणि मलाही सोडणार नाहीत."

"मला विचारलं तर सांगेन, साहेब. निरंक लिहीत होते."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "हा एवढा मजकूर काढा. बाकी फॉर्म झकास आहे. लगेच सही देतो."

"ते काढलं तर वस्तू आभाळातून पडली असं होईल, साहेब. कुणी तपासायला आलं की मिस्त्रीच चोर ठरतील. त्यांनी चोरलेलं नाही. मी दिलंय."

डॉक्टरांनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना बोलावणे धाडले.

"सिस्टर, या घंट्या नसत्या तर?"

सिस्टरना आधी वाटले घंट्या काढून नेतायत. त्या एकदम कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "नसत्या तर काय, साहेब? तुम्ही नवीन आहात. पूर्वी बाटली रिकामी व्हायची, नळीत रक्त चढायचं, गोठायचं. एकेका आजीच्या हाताला चार-चार वेळा टोचावं लागायचं. सव्वीस खाटा, आम्ही दोघी. घंट्यांना हात लावायचा असेल तर आधी चार माणसं द्या मला."

"कुणी हात लावत नाही, सिस्टर. जा तुम्ही."

मग त्यांनी पेन उघडले. सही करताना ते खाली बघूनच म्हणाले, "खुलाशावर तुमच्याखाली माझीही सही असेल. बसा, पाणी प्या. टपाल मी थांबवतो."

तीन आठवड्यांत खुलासा मागवला गेला. बाईंनी तो पाच ओळींत दिला, आणि त्यांच्या सेवापुस्तकात पहिली आणि शेवटची नोंद पडली: सक्त समज देण्यात आली. बाईंनी ती वाचली, शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले आणि पुस्तक मिटले.

पुरस्काराचे पत्र नंतर आले. त्यावर मिस्त्रींचे पूर्ण नाव होते, आणि ते नाव कुणाचे, हे शोधायला शिपायाला तीन विभाग हिंडावे लागले. देशभरातून आलेल्या हजारो नावांतून निवडलेल्या शेवटच्या विसांत मिस्त्री होते. पहिला क्रमांक दुसऱ्या कुणाला गेला. पण त्या पत्रामागोमाग सात इस्पितळांची पत्रे आली: घंटी कशी करतात, ते कळवावे.

"काय कळवू?" मिस्त्री वैतागले. "कान पाठवू?"

शेवटी सातही ठिकाणची माणसे दुरुस्तीच्या खोलीत येऊन बसली आणि पाळीपाळीने स्प्रिंगेला कान लावू लागली.

बाईंच्या सेवेचा शेवटचा दिवस होता. हार झाले, भाषण झाले. सगळे गेल्यावर त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतले. टेबलावर जडवस्तूंची जाड नोंदवही उघडी होती. खाटा, टेबले, कपाटे, इस्पितळाच्या मालकीची हरएक वस्तू तिच्यात होती. घंट्या मात्र अकरा वर्षे वाजत असूनही कागदावर कुठेच नव्हत्या. साहेबांनी त्या नोंदवायचा हुकूम सकाळीच दिला होता. बाईंनी शेवटची ओळ लिहून ठेवली होती.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी आधी खिशातले फडके काढून हात पुसले. दोन्ही बाजूंनी, बोटांच्या बेचक्यांतून, मग पुन्हा एकदा. तरी पानाला बोट लावले नाही. वरून, वीतभर अंतर ठेवून, त्यांचे बोट ओळीवरून सरकत गेले.

"सलाईनची घंटी. नग सव्वीस. कोठून आली..." ते थांबले. पुढचे त्यांनी हळू वाचले. "येथेच तयार केली."

त्यापुढे त्यांचे नाव होते. ते त्यांनी मोठ्याने वाचले नाही.

भिंतीपलीकडे घंटी वाजली. मिस्त्रींनी मान जरा कलती केली, ऐकले.

"चौदा नंबर," ते म्हणाले. "ठीक बोलतेय."

बाईंनी पेनाला टोपण लावले.